वाचकांचे प्रश्न : दहाव्या माणसाची वाट

या महिन्याच्या टपालात चार पत्रं एकाच दुखण्याची निघाली : गाणारी माणसं सरावाला येत नाहीत. दोन पत्रं भजनी पथकांची, एक घुमट आरतीचं आणि एक चक्क सिनेगॉगमधल्या, म्हणजे ज्यूंच्या प्रार्थनास्थळातल्या, गायनवृंदाचं. म्हणून या वेळचं सगळं सदर त्यांनाच दिलं आहे. मी शाळेत संगीत शिकवायची आणि १९९८पासून फोंडा तालुक्यातल्या आमच्या गावात बायकांचं भजनी पथक चालवते. खाली जे लिहिलंय ते त्या पथकानं मला शिकवलेलं आहे.

बावीस नावं, सात आवाज

*आदरणीय बाई, मी बेने इस्राएल, म्हणजे कोकणातल्या ज्यू समाजाचा. मूळ गाव अलिबागकडचं, घर मुंबईजवळ, आणि नोकरीमुळे गेली सहा वर्षं वास्कोत राहतो. आमच्या सिनेगॉगमध्ये सणांच्या प्रार्थनेला हझानच्या, म्हणजे प्रार्थना गाऊन चालवणाऱ्याच्या, मागे गाणारा पुरुष आणि मुलांचा गायनवृंद आहे. सगळे हौशी, कुणाला मानधन नाही. गेल्या वर्षी तो माझ्याकडे आला. दर रविवारी रात्री मी वास्कोतून फोनवर सगळ्यांना एकत्र घेऊन सराव करतो आणि महिन्यातून एकदा कोकणकन्येनं जाऊन समोरासमोर. यादीत बावीस जण, सरावाला सात-आठ. रोश हशानाला, म्हणजे आमच्या आजीच्या शब्दांत नव्याच्या सणाला, आणि योम किप्पुरला, म्हणजे दारफळणीच्या सणाला, मात्र बावीसच्या बावीस उभे राहतात आणि निम्म्यांना चाल ठाऊक नसते. सर्वांत सुरेल असलेले दोघे तर फक्त सणालाच दिसतात, आणि पुढचं गाणं त्यांनाच द्या असा ज्येष्ठांचा आग्रह असतो.*

*शब्बाथला, म्हणजे आमच्या शनिवारच्या विश्रांतीच्या दिवशी, आणि या सणांना आम्ही वाद्य वाजवत नाही, लिहीत नाही, फोनला हात लावत नाही. त्यामुळे सूर धरायला पेटी नसते, आणि कोण आलं ते मांडायला पेनही उचलता येत नाही. सगळ्यांकडून लेखी वचन घ्यावं असं मनात होतं, पण वडीलधारे म्हणाले, वचन असं घ्यायचं नसतं; योम किप्पुरच्या आदल्या संध्याकाळची कोल निद्रे प्रार्थनाच मुळी नवस-वचनांविषयी आहे. मला सर्वांत लागतं ते हे : सामुदायिक प्रार्थनेला किमान दहा पुरुष लागतात, त्याला मिन्यान म्हणतात. ते दहा जण भर पावसातही जमतात. मग सरावालाच का नाही? — वास्कोतला एक वाचक*

तुमचं पत्र मी तीनदा वाचलं. ‘दारफळणीचा सण’ हा शब्द वाचून तर थोडा वेळ कागद बाजूला ठेवला. दारं बंद होण्याआधीची शेवटची प्रार्थना, आणि तिच्यासाठी इतकं सरळ घरगुती मराठी नाव! मग कपाटातून माझी २०२४ची डायरी काढली. तुमचा नव्याचा सण त्या वर्षी ३ ऑक्टोबरला होता, आणि आमची घटस्थापनाही त्याच दिवशी. योम किप्पुर १२ ऑक्टोबरला, आणि दसराही. दोघांचेही महिने चंद्रावर चालतात, म्हणून हे असं जुळतं. म्हणजे तुम्ही ज्या आठवड्यांत माणसं गोळा करत फिरता, त्याच आठवड्यांत चवथ, म्हणजे गणेश चतुर्थी, उरकून मीही नवरात्रातल्या भजनांसाठी फिरत असते. तेव्हा तुमची तगमग मला नवी नाही.

तुमच्या शेवटच्या प्रश्नाचं उत्तर आधी देते. मिन्यानला जो दहावा असतो, त्याला ठाऊक असतं की आपण दहावे आहोत. नऊ जण दाराकडे बघत बसलेत आणि आपण गेलो नाही तर त्यांची प्रार्थना अडते, हे त्याला घरी बसून दिसतं. तुमच्या बावीस जणांच्या वृंदात असं कुणालाच वाटत नाही. प्रत्येकाला वाटतं, उरलेले एकवीस आहेतच की. तो आळशी नाही आणि त्याची श्रद्धाही कमी नाही. आपण गेलो नाही तर काही अडत नाही, हा त्याचा हिशेब बरोबर आहे. तुम्हाला तो हिशेब बदलायचा आहे.

आमच्या पथकात मी हे फार उशिरा केलं. एकोणीस बायका, सगळ्या सगळी भजनं म्हणायच्या. २०११च्या सुमारास मी भजनं वाटून टाकली. प्रत्येक भजनाला चार जणी जबाबदार : एक पहिली ओळ उचलणार, एक कडव्यांचा क्रम सांभाळणार, दोघी झील पक्की धरणार. उरलेल्या साथ देणार. भजन बसवायचं त्या दिवशी चौघींपैकी एक आली नाही, तर ते भजन मी घेतच नसे, दुसरं घ्यायचं. पहिल्या महिन्यात फार अवघड गेलं, दोन भजनं तशीच राहिली. पण त्या चौघी एकमेकींना शोधायला लागल्या. ‘तू येतेस ना? नाहीतर आपलं राहील’ हे शेजारणीनं विचारणं आणि मी विचारणं, यात फार अंतर आहे.

तुमच्याकडे ही वाटणी करायला योम किप्पुर जणू हातात आणून दिला आहे. कोल निद्रेची संध्याकाळ, दुसऱ्या दिवशी सकाळची प्रार्थना, मग जोडप्रार्थना मुसाफ, दुपारची मिन्हा आणि दारं मिटताना नेइला : पाच प्रार्थना. तुम्ही वास्कोत राहता, म्हणजे श्रावणात नागपंचमीच्या दुसऱ्या दिवशी सुरू होणारा दामोदराचा सप्ताह पाहिलाच असेल. सुमारे सव्वाशे वर्षं तिथं चोवीस तास भजन तुटत नाही. ते न तुटण्याचं कारण मोठा जमाव नव्हे. रात्रीच्या प्रत्येक प्रहराला कुणाची पाळी आहे हे आधी ठरलेलं असतं, आणि आपण थांबलो तर देवळात शांतता पसरेल हे त्या पाळीवाल्याला माहीत असतं. तसंच करा. प्रत्येक प्रार्थनेला चार-पाच नावं द्या. नेइलाची नावं सर्वांत विचारानं निवडा. तोपर्यंत जवळजवळ पूर्ण दिवस पोटात अन्न नाही, घशात पाण्याचा थेंब नाही. अशा वेळी गोड गळा आधी दगा देतो, पाठ असलेली चाल टिकते. तिथं सरावाला नेमानं येणारेच हवेत. आणि पेटी नसल्यामुळे पट्टी सकाळपेक्षा खालची धरा. ती पट्टी धरणारा एकच माणूस ठरवा आणि ते काम वर्षभर त्याचंच असू द्या.

आता वचनाबद्दल. ज्येष्ठांचं म्हणणं मला मनापासून पटलं. ज्या रात्री माणसं आपल्या न पाळलेल्या शब्दांसाठी उभी राहतात, त्या रात्रीच्या गाण्यासाठी सहीचा कागद पुढे करणं बरं नाही. वचन मागू नका, तारखा विचारा. नव्याच्या सणापासून आठ आठवडे मागे मोजा, आठ सरावांच्या तारखा मांडा, आणि प्रत्येकाला विचारा : यातल्या कोणत्या दिवशी तू नाहीस? हा प्रश्न असाच विचारायचा. ‘येशील का?’ म्हटलं की आमच्याकडे उत्तर येतं ‘पळोवया’, म्हणजे बघूया. आणि पळोवया म्हणणारा माणूस ना घरचा ना सरावाचा. ‘कधी नाहीस’ म्हटलं की तो कॅलेंडर काढतो. आणि योम किप्पुर झाला की आठवडाभरात सगळ्यांना मोकळं करा. कायमचं अडकायला माणसं घाबरतात. पुढच्या हंगामाला नव्यानं विचारा. आमच्या तीन जणी एकेक हंगाम थांबून परत आल्या. मी त्यांना धरून ठेवायचा प्रयत्न केला असता तर त्या कायमच्या गेल्या असत्या.

सणाच्या दिवशी तुम्हाला काही लिहिता येत नाही ही अडचण तुम्हाला वाटते. मला ती मदत वाटते. त्यामुळे सगळं आधी ठरवावंच लागेल. सणाच्या दोन दिवस आधी संध्याकाळी यादी मिटवा. कोण कुठल्या प्रार्थनेला उभा राहणार ते प्रत्येकाला तोंडी सांगा. त्यानंतर कुणी आलं तर त्याचं स्वागतच, पण त्यानं सभेत बसून गायचं. तुमच्याकडे सभेला स्वतःची उत्तरं गायची असतात ना? मग कुणालाही गप्प बसवलं असं होत नाही.

ते दोन सुरेल गळे. इथं मी तुम्हाला स्पष्ट सांगते, कारण या ठिकाणी मी स्वतः चुकले आहे. एका स्पर्धेच्या वर्षी आमच्या पथकातली सर्वांत गोड गळ्याची मुलगी शेवटच्या दोनच सरावांना आली, आणि मी तिला गौळण दिली. गौळण सुंदर झाली. पण पुढच्या वर्षी माझ्याकडच्या तीन जणी सरावाला यायच्या थांबल्या. आणि त्या तिघी आधीची सहा वर्षं एकही बुधवार न चुकवणाऱ्या होत्या. त्यांनी मला काही बोलून दाखवलं नाही. बोलायची गरज नव्हती, मी त्यांना माझ्या निवडीतून सांगितलंच होतं की तुमच्या येण्याला किंमत नाही. तेव्हापासून एकच नियम आहे : ज्या गाण्याला पुढे उभं राहायचं, त्याच्या शेवटच्या तीन आठवड्यांतल्या निदान दोन सरावांना हजर हवं. नियम सगळ्यांना सारखा, माझ्या बहिणीलाही. तुमच्या ज्येष्ठांना हे आत्ताच सांगा, सणाच्या तोंडावर नको. आणि त्या दोघांना स्वतः भेटा, फोन नको. त्यांना एकेक शिकाऊ मुलगा सोपवा. ज्याला शिकवायचं असतं तो येतो.

फोनवरच्या सरावाबद्दल एक गोष्ट. २०२०च्या टाळेबंदीत आम्हीही ते केलं. फोनवर सगळ्यांनी एकत्र गाणं जमत नाही. आवाज पोचायला क्षणभर लागतो आणि तेवढ्यात सम निसटते. ज्यांना लयीचं अंग आहे, त्यांना तर ते ऐकवतच नाही, आणि तेच आधी येणं बंद करतात. म्हणून रविवारची ती वेळ सगळ्यांसाठी ठेवू नका. एका वेळी दोघांना घ्या, वीस-वीस मिनिटं. एकानं म्हणायचं, दुसऱ्यानं ऐकायचं, मग उलट. एकत्र गाणं त्या महिन्याच्या एका भेटीसाठी राखून ठेवा. मग त्या भेटीला जायला कारण मिळतं, कारण ते दुसरीकडे कुठे मिळत नाही.

हजेरीची वही मात्र ठेवा, सरावाच्या दिवसांची. कुणाला दाखवायला नव्हे, स्वतःला बघायला. मी ती चार वर्षं ठेवली तेव्हा एक गोष्ट नजरेला आली : एकाच वाड्यावरच्या चौघी नेमक्या एकाच दिवशी गैरहजर. मला वाटलं, आपसात काही बिनसलं असेल. विचारलं तर कळलं, त्या बाजूची शेवटची बस साडेसहाला सुटते आणि मी कधी कधी पावणेसातपर्यंत बसवायची. एका गाण्याच्या हट्टापायी मी चार बायकांना काळोखात दीड किलोमीटर चालायला लावत होते. त्या दिवसापासून सराव साडेचारला सुरू आणि सहा वाजून दहा मिनिटांनी बंद, मग कडवं अर्धं राहिलं तरी चालेल. चौघी परत आल्या. तुमच्या बावीस जणांत लोकलनं येणारे, दुकान बंद करून येणारे, मुलांच्या परीक्षा असणारे कोण आहेत, हे वहीच तुम्हाला सांगेल.

आणि जो आला नाही, त्याला त्याच रात्री फोन जायला हवा. तुमचा नको. त्याच्या शेजारी उभा राहणाऱ्याचा. का आला नाहीस असं त्यानं विचारायचं नाही. ‘आज आम्ही दुसरं कडवं घेतलं, तुझ्या जागी आवाज कमी पडला’ एवढंच सांगायचं. हा फोन आमच्याकडे कसा सुरू झाला ते शेवटच्या पत्राच्या उत्तरात लिहिलं आहे.

दंड लावू का?

*आमच्या पथकात उशिरा येणाऱ्याला पन्नास आणि न येणाऱ्याला शंभर रुपये दंड लावायचं घाटतंय. जमलेल्या पैशांतून नवे टाळ घेता येतील. तुमचं मत? — पेडण्याहून*

नको. आम्ही २००६ साली वीस रुपये लावून पाहिले. आधी उशीर झाला की बायका धावत यायच्या, माफी मागायच्या, त्या दिवशी जास्त वेळ थांबायच्या. दंड सुरू झाल्यावर त्या शांतपणे येऊन डब्यात वीस रुपये टाकायच्या. त्यांच्या मनातला संकोच मी वीस रुपयांना विकत घेऊन टाकला होता. दोन महिन्यांनी डबा बंद केला, पण तो संकोच परत यायला वर्ष लागलं. टाळांसाठी सरळ वर्गणी काढा.

चवथीला पंचवीस, आषाढात चार

*बाई, मी चोवीस वर्षांचा आहे. आमच्या वाड्यावर घुमट आरतीचा, म्हणजे मातीच्या घुमटाच्या साथीनं आरत्या म्हणणारा, ग्रूप आहे. चवथीला पंचवीस पोरं जमतात, पण जुलैमध्ये तालमीला चौघेच. जुने काका म्हणतात पूर्वी असं नव्हतं. मग चवथीच्या दिवशी आरत्या विस्कटतात, कडवी गळतात आणि सगळे एकमेकांवर ओरडतात. मी काय करू? — डिचोलीचा एक तरुण वाचक*

बाळा, चौघे आहेत हे आधी मोठं समज. त्या चौघांना उरलेल्या एकवीस जणांबद्दलची तक्रार ऐकवू नकोस. जे आले ते न आलेल्यांची बोलणी खातात, ही आपल्याकडची फार जुनी सवय आहे. पुढच्या वेळी मग तेही येत नाहीत.

तालमीची सुरुवात गाण्यापासून करू नकोस, घुमटापासून कर. पावसाळ्यात चामडं सैल पडतं, हे तुला ठाऊकच आहे. पूर्वी घोरपडीचं चामडं असायचं. १९७२च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानं ते बंद झालं, ते योग्यच झालं, आणि आता बकऱ्याच्या चामड्यावर भागतं. पण ते चामडं कसं ताणायचं, भांड्याचं तोंड कसं मढवायचं, किती वाळवायचं, हे तुमच्या त्या काकांना येत असेल. आषाढातल्या एका रविवारी त्यांच्या अंगणात सगळी घुमटं काढ. गायला न येणारी पोरंही हातानं काम करायला येतात. स्वतः मढवलेलं घुमट वाजवायला माणूस परत येतोच. २०१९ साली राज्य सरकारनं घुमटाला वारसा वाद्याचा दर्जा दिला. हे पोरांना एकदा सांग, पण त्याच्या जोरावर कुणी तालमीला येईल अशी आशा धरू नकोस. येतील ते वाजवायच्या ओढीनं.

दुसरं : शामेळ, म्हणजे घुमटाच्या जोडीचा ढोल, वाजवणारा तुमच्याकडे एकच असणार. तो आला नाही तर तालीम होत नाही, आणि हे त्यालाही माहीत असतं. तो बिचारा तापानं फणफणला तरी येतो, आणि उरलेले निर्धास्त. शामेळाला तिघं तयार कर, कासाळ्याला, म्हणजे झांजांनाही, तिघं. एकावर सगळा भार टाकलास तर चार-पाच वर्षांत तो थकून जाईल.

आणि आता चवथीचं. घरोघरी फिरताना पहिली आरती कोण उचलतं? तुमच्याकडे बहुतेक एकच मोठ्या आवाजाचा मुलगा उचलत असेल. या वर्षी असं ठरव : ज्याच्या घरी आरती, त्यानंच उचलायची. गणपतीवर टांगलेल्या माटोळीखाली आई, आजी, काकी उभ्या आहेत, आणि आपल्याला पहिलं कडवं येत नाही, ही कल्पना कुठल्याही मुलाला आषाढातच घराबाहेर काढेल. पण त्यासाठी तुला ते जूनमध्येच सांगावं लागेल, आणि प्रत्येकाला त्याच्या आवाजाला झेपेल अशी आरती निवडून द्यावी लागेल. कुणाची फजिती करायची नाही आहे. ज्याला अजिबात जमत नाही त्याच्या बाजूला तू उभा राहा आणि हळू आवाजात धर.

पूर्वी असं नव्हतं, हे काकांचं म्हणणं खरं आहे. पूर्वी पोरं गावातच कामाला होती. आता कुणी वेर्ण्याच्या वसाहतीत पाळीवर, कुणी हॉटेलात, कुणी जहाजावर. त्यांना जुन्या वेळेला बांधू नकोस. पाऊण तासाची तालीम ठेव, रात्री साडेनऊला, जेवण झाल्यावर.

मी सोडून देऊ का?

*ताई, मी सरकारी इस्पितळात परिचारिका आहे. पाच वर्षं आमच्या भजनी पथकात आहे. ड्यूटी कधी सकाळची, कधी रात्रीची, त्यामुळे निम्मे सराव चुकतात. बाकीच्या काही बोलत नाहीत, पण मला आत शिरतानाच ओशाळल्यासारखं होतं. दर वेळी माफी मागते. माझ्यामुळे पथकाचं नुकसान होत असेल तर मीच बाजूला होणं बरं, असं वाटायला लागलंय. — मडगावची एक वाचक*

बाय, तुझं पत्र वाचून मला एक बाई आठवली. तिच्याबद्दल मी आजवर या सदरात लिहिलं नव्हतं.

२००३ सालची गोष्ट. आमच्या पथकात एक खर्जातल्या आवाजाची बाई होती. बायकांत असा आवाज विरळा. ती गायची तेव्हा बाकीच्या अठरा जणींचे आवाज जमिनीवर पाय टेकवून उभे राहिल्यासारखे वाटायचे. त्या वर्षी ती लागोपाठ तीन बुधवार आली नाही. चौथ्या बुधवारी आली, तेव्हा मी सगळ्यांसमोर म्हटलं, ‘यायचं नसेल तर नाव काढून टाक, निदान मला मोजणी तरी कळेल.’ ती काही बोलली नाही. पूर्ण सराव बसली, गायली, आणि परत कधी आली नाही. दोन महिन्यांनी कळलं, तिच्या सासूबाई अंथरुणाला खिळल्या होत्या आणि त्या बुधवारी ती शेजारणीला तासभर बसवून धावत आली होती. मी घरी गेले. तिनं चहा केला, सगळं विचारलं, भजनाचा विषय निघाला की दुसरं काहीतरी बोलायची. पुढच्या वर्षी ते कुटुंब गाव सोडून गेलं.

त्यानंतर आमच्या पथकाला खर्ज राहिला नाही. आजही नाही. नवी भजनं बसवताना त्या जागी मला तिचा आवाज ऐकू येतो. तेव्हापासून आमच्याकडे न आलेल्या बाईला शेजारची फोन करते, आणि कारण विचारत नाही.

म्हणून तू सोडू नकोस. पण माफी मागणंही थांबव. दर वेळी माफी मागितलीस की बाकीच्यांना दर वेळी ‘असू दे गं’ म्हणावं लागतं, आणि सरावाची पहिली पाच मिनिटं तुझ्या गैरहजेरीवर जातात. त्याऐवजी इस्पितळात ड्यूटीचा तक्ता लागला की त्याच दिवशी तुझ्या पथकप्रमुखांना सांग : या महिन्यात मी या दोन बुधवारी आहे, या दोन बुधवारी नाही. एवढं आधी कळलं की तू त्यांच्यासाठी अडचण राहत नाहीस, तू त्यांच्या आखणीत येतेस. नेमानं निम्मे दिवस येणारी बाई मला कधी जड झाली नाही. येणार म्हणून न येणारी जड होते.

सहा भजनं अर्धवट शिकू नकोस. प्रमुखांना सांगून दोन घे. ती दोन अशी पक्की कर की रात्रपाळी संपवून आलीस तरी न चुकता म्हणशील. उरलेल्या चारांना मागे बसून साथ दे. सरावाचं ध्वनिमुद्रण कुणीतरी फोनवर करून पाठवावं, अशी विनंती करायला लाजू नकोस. आमच्याकडे ते काम एका कॉलेजच्या मुलीकडे आहे. तिला गाता येत नाही, पण तिच्यामुळे पाच जणींचं गाणं टिकलं.

आणि ओशाळं वाटण्याबद्दल. तू रात्रभर कुणाच्या तरी उशाशी उभी असतेस. तुझ्या पथकातल्या बायकांना ते ठाऊक आहे, म्हणूनच त्या बोलत नाहीत. तू त्यांच्या गप्प राहण्याचा उलटा अर्थ लावते आहेस. एकदा विचारून बघ. पथकातली तुझ्या शेजारी बसणारी जी कुणी असेल, तिला सांग की ज्या दिवशी मी नसेन त्या रात्री मला फोन कर आणि काय बसवलं ते म्हणून दाखव. ड्यूटीवर असशील तर सकाळी सुटल्यावर तू कर. बसस्टॉपवर उभ्या उभ्या दोन ओळी ऐकून घे.